मोठ्या संरक्षण कंपन्या लहान ऊर्जा कंपन्यांशी भागीदारी का करतात?

२०२४ मध्ये बडोद्यात सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानांचा कारखाना सुरू झाल्यापासून हा प्रश्न इथे बरेचदा कानावर येतो. पैसा आणि अभियंते हाताशी असताना बॅटरी बनवणाऱ्या लहान कंपनीची गरज का भासावी, अशी शंका त्यामागे असते.

मुख्य कारण असे की सैन्याला दारूगोळ्याइतकीच विजेचीही चणचण असते. उंचावरील ठाण्यावर डिझेल खेचरांवरून किंवा हेलिकॉप्टरने चढवावे लागते आणि चालत्या जनरेटरचा आवाज व उष्णता शत्रूला ठिकाण दाखवून देतात. लिथियम-आयन बॅटरी हा सोपा उपाय वाटतो खरा; पण शून्याखालच्या तापमानात ती चार्ज केली, तर ऋणाग्रावर धातुरूप लिथियमचा थर साचून तिची क्षमता कायमची घटते. बडोद्याच्या मकरपुऱ्यातील एका छोट्या कारखान्यात बॅटरीला आधी ऊब देणारी पातळ हीटर-पट्टी कारागीर हाताने गुंडाळताना मी पाहिले आहे. अशा एकाच प्रश्नावर वर्षानुवर्षे बसून राहणे मोठ्या कंपनीच्या हिशेबात सहसा बसत नाही.

लहान कंपनीची अडचण उलटी असते: लष्करी चाचण्यांचा खर्च आणि निविदेतील उलाढालीच्या अटी तिला पेलत नाहीत. आपल्याकडे २०१८ पासून संरक्षण मंत्रालयाच्या आयडेक्स योजनेतून अशा उद्योगांना अनुदान मिळते, पण उत्पादनासाठी मोठा भागीदार लागतोच. कधी भागीदारीऐवजी सरळ खरेदीच होते. लॉकहीड मार्टिन या बड्या अमेरिकी संरक्षण कंपनीने २०१४ मध्ये सन कॅटॅलिटिक्स ही ऊर्जा साठवणुकीवर काम करणारी छोटी कंपनी अशीच घेतली.