'रक्त कमी आहे' म्हणजे नेमकं काय कमी आहे?

एका आशाताईंचा प्रश्न आहे. गावातल्या गरोदर बायकांसाठी त्यांना एक साधं माहितीपत्रक लिहायचं आहे. सगळ्या जणी 'रक्त कमी आहे' असंच म्हणतात. पण प्रशिक्षणात कुणीतरी सांगितलं की हा प्रयोग अशास्त्रीय आहे, रक्त कमी नसतंच, हिमोग्लोबिन कमी असतं, म्हणून 'रक्तक्षय' लिहा. ओळखीच्या एका वैद्यांनी 'पांडुरोग' सुचवला. यातलं लिहायचं काय?

ताई, माझं मत आधी सांगून टाकते: 'रक्त कमी आहे' असंच लिहा. 'रक्त' या शब्दाच्या मुळाशी गेलं तर तुमच्या गावातल्या बायका अगदी नेमकं बोलताहेत.

आक्षेप खोटा नाही. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि ॲनिमिया झालेल्या बाईच्या अंगातही बहुतेक वेळा जवळपास तेवढंच असतं. गरोदरपणात तर ते वाढतं. त्यातला पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, जवळजवळ निम्म्याने वाढतो. तांबड्या पेशीही वाढतात, पण तेवढ्या नाहीत. म्हणजे सातव्या महिन्यातल्या ज्या बाईला आपण 'रक्त कमी' म्हणतो, तिच्या अंगात दिवस जाण्यापूर्वी होतं त्याहून जास्त रक्त खेळत असतं. लिटरने मोजलं तर शब्द चुकला.

पण 'रक्त' हा लिटरने मोजायचा शब्दच नव्हे. तो रंगाचा शब्द आहे. संस्कृतात रंगणे-रंगवणे या अर्थाचा 'रञ्ज्' धातू आहे, त्याचं रूप 'रक्त', म्हणजे रंगलेलं, आणि त्यातून तांबडं. रक्तचंदनात रक्त कुठे असतं? ते तांबडं चंदन. रक्तकांचन, आरक्त चेहरा, सगळीकडे तोच अर्थ. रंग, रंजन, राग, अनुरक्त ही याच घरातली माणसं, आणि ज्याच्यावरचा रंग उतरला तो विरक्त.

बरं, हे एकट्या 'रक्ता'चं नाही. 'शोणित' आलं 'शोण'वरून, शोण म्हणजे तांबडा. 'रुधिर'चा मूळ अर्थही लाल. इंग्रजीतला 'रेड' हा त्याचा लांबचा भाऊ. 'लोहित' तसाच. रंगाशी संबंध नसलेला, त्या द्रवालाच दिलेला फार जुना शब्द होता 'असृक्'. त्याची भावंडं प्राचीन ग्रीक आणि हित्ती भाषेतही सापडतात. मराठीच्या तोंडी मात्र तो रुळला नाही. आपल्याकडे उरला तो रंगाचा शब्द, आणि त्याचं घरगुती रूप 'रगत'.

सुश्रुतसंहितेने तर रक्ताची व्याख्याच रंगावरून केली आहे. अन्नापासून होणारा रस पाण्यासारखा असतो, यकृत आणि प्लीहेत तो रंगवला जातो, आणि असा रंगला की त्याला रक्त म्हणायचं. रंगवणाऱ्याचं नाव 'रंजक पित्त', म्हणजे पुन्हा तोच 'रञ्ज्'. आजचं शास्त्र तांबड्या पेशींचा कारखाना हाडांतल्या मज्जेत दाखवतं, तेव्हा जागा जुळत नाही. पण रंग न चढलेलं पाणी आणि रंग चढला की रक्त, ही कल्पना मला फार मोलाची वाटते, कारण आपला रोजचा वाक्प्रचार तिचीच उलटी बाजू आहे. 'लेकरांसाठी तिने रक्ताचं पाणी केलं' असं आपण म्हणतो. पाणी रंगलं की रक्त, आणि झिजून रंग गेला की पुन्हा पाणी.

आता हिमोग्लोबिनकडे या. रक्ताला तांबडा रंग येतो तो त्याच्यामुळे, आणि फुप्फुसातला प्राणवायू अंगभर पोचवण्याचं कामही त्याचंच. ते घटलं की प्राणवायू कमी पोचतो, म्हणून दम लागतो, गळून गेल्यासारखं होतं. आणि रंगही उतरतो. आजी सुनेची खालची पापणी बोटाने ओढून पाहते आणि म्हणते, "हिच्या डोळ्यांत रक्तच नाही." पापणीच्या आत रक्ताचा साठा असतो असं तिला म्हणायचं नसतं, तिथला तांबडेपणा दिसत नाही असं ती सांगत असते. डॉक्टरही तपासताना हीच पापणी ओढतात. 'पांढरीफटक पडली', 'नखं पांढरी झाली' ही सगळी रंगाचीच निरीक्षणं. तेव्हा 'रक्त कमी' याचा अर्थ 'तांबडेपणा कमी' असा घेतला की प्रयोगशाळेतला आकडा आणि आजीचं बोट एकाच गोष्टीकडे दाखवतात.

'लोह' शब्दाचंही सांगायला हवं. आज लोह म्हणजे लोखंड, पण फार जुन्या काळी तो तांबूस धातूचा, तांब्याचा शब्द होता; लाल या अर्थाचा 'लोहित' त्याच्याच घरातला. शाळेच्या पुस्तकात तांबड्या पेशींना 'लोहित रक्तकणिका' म्हणतात तो हाच 'लोहित'. त्यात लोखंड अभिप्रेत नाही. पुढे रसायनशास्त्राला कळलं की हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात. भाषेने हे आधीच ओळखलं होतं असा दावा मी करणार नाही, तो योगायोग आहे. पण 'लोहाची गोळी घेतली की लोहित पेशी वाढतात' हे वाक्य तुमच्या बायकांच्या लक्षात चांगलं राहील.

'रक्तक्षय'ला माझा विरोध व्याकरणाचा नाही. शब्द नीट घडलेला आहे, क्षय म्हणजे झीज, घट. पण गावात 'क्षय' ऐकल्यावर घट कुणाच्या मनात येते? टीबी येतो. पहिलटकरणीच्या हातात 'तुम्हाला रक्तक्षय आहे' असा कागद दिलात तर ती आणि तिची सासू कशाला घाबरतील याचा विचार करा. नेमकेपणा कोशात असून भागत नाही, ऐकणाऱ्याच्या कानातही तो असावा लागतो.

'पांडुरोग' मला सुंदर वाटतो. पांडु म्हणजे पिवळसर फिकट; व्यासांना पाहून अंबालिका भयाने फिकी पडली म्हणून मुलगा तसा जन्मला आणि पांडू झाला, ही महाभारतातली गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. चरकसंहितेत पांडुरोगाच्या अध्यायातच कामला, म्हणजे आपली कावीळ, येते. तांबड्या पेशी भराभर फुटणाऱ्या आजारांत माणूस फिकटही पडतो आणि पिवळाही, त्यामुळे ही जोडी समजण्यासारखी आहे. पण पत्रकात 'पांडुरोग' लिहिलात तर कुणी कावीळ समजेल, कुणी कोड. ग्रंथात तो शोभतो, तिथेच राहू द्या. 'ॲनिमिया' कंसात जरूर लिहा, कारण दवाखान्याच्या कागदावर आणि 'ॲनिमियामुक्त भारत' मोहिमेच्या फलकावर तोच शब्द त्यांना दिसणार आहे. या ग्रीक शब्दाचा अर्थ 'रक्त नसणे' असा आहे! म्हणजे ज्याला शास्त्रीय म्हणून पुढे करतात, तो 'रक्त कमी'पेक्षाही पुढे जाऊन बोलतो.

मात्र लोकांच्या तोंडी आहे म्हणून प्रत्येक शब्द राखावा असं मी म्हणत नाही. 'रक्त पातळ होण्याची गोळी' हा प्रयोग मला खरोखर धोक्याचा वाटतो. माझ्या मामांच्या हृदयाची झडप बदलली तेव्हापासून त्यांना ती गोळी आहे. मध्ये तपासणीत हिमोग्लोबिन कमी आलं. शेजारचे म्हणाले, "रक्त पातळ झालंय." मामांनी सरळ हिशेब केला, आधीच पातळ झालंय तर आणखी पातळ करायची गोळी कशाला, आणि बंद केली. मामीच्या ते चार दिवसांनी लक्षात आलं. बसवलेल्या झडपेवर गुठळी झाली असती तर जीवावर बेतलं असतं. ती गोळी रक्तात पाणी घालत नाही, गोठण्याची क्रिया मंदावते. तिला 'रक्त गोठू न देणारी गोळी' म्हणावं, आणि हे मी भेटेल त्याला सांगते. 'रक्त द्यायचंय' हाही तसाच संदिग्ध प्रयोग, तपासणीला द्यायचं, दान करायचं की रुग्णाला चढवायचं, हे प्रत्येक वेळी स्पष्ट करावं.

तुमचं पत्रक महत्त्वाचं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला. मी लिहिलं असतं तर असं: 'रक्त कमी आहे (ॲनिमिया) म्हणजे रक्तातला तांबडेपणा कमी आहे. कागदावर तो हिमोग्लोबिन या नावाने लिहितात. गरोदर बाईचा आकडा ११ च्या खाली नसावा. रक्तवाढीची लाल गोळी रोज घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये, लिंबू-पाण्याबरोबर चालेल. शौचाला काळं होतं ते गोळीतल्या लोहामुळे, म्हणून गोळी थांबवू नये.' तुम्ही विदर्भात किंवा नंदुरबारकडे असाल तर आणखी एक ओळ घाला: 'गोळ्या नीट घेऊनही आकडा वाढत नसेल, तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली आहे का ते विचारा.'