वजन तेवढंच आहे, मग हे काय?

प्रश्न : मॅडम, मुलगी 14 वर्षांची, नववीत आहे. जेवण झालं रे झालं की बाथरूममध्ये जाते आणि नळ सोडून ठेवते, गेले कितीतरी महिने हेच चाललंय. परवा दप्तरात वेफर्स-बिस्किटांची रिकामी पाकिटं कोंबलेली सापडली. वजन आहे तेवढंच आहे म्हणून हे म्हणतात नाटकं आहेत, दोन फटके दे. काय करू? - एक आई, भांडुप

उत्तर : ताई, फटके नकोत, ओरडणंही नको. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला बुलिमिया या खाण्याशी जोडलेल्या मानसिक आजाराची शंका येते, नक्की काय ते डॉक्टर तपासूनच सांगतील, पण थांबू नका. यात मूल थोड्या वेळात भरमसाट खातं, हात आवरतच नाही, मग जाड होऊ या धास्तीने उलटी काढतं, नाहीतर उपाशी राहतं, कोणी जुलाबाच्या गोळ्याही घेतं. वजन बऱ्याचदा नॉर्मलच असतं, म्हणून तर घरात कळत नाही. तिचा हात बघा, बोटं घशात घालून घालून सांध्यांवर घट्टे पडतात. गाल कानापाशी सुजतात, दात शिवशिवतात.

मला जास्त भीती पोटॅशियमची वाटते, सारख्या उलट्यांनी ते कमी होतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यामुळे रक्ततपासणी आणि ईसीजी याच आठवड्यात करा. चक्कर, धडधड, उलटीत रक्त असं काही दिसलं तर थेट कॅज्युअल्टी. तुम्हाला सायन, केईएम कुठलंही हॉस्पिटल चालेल, तिथे मुलांचे डॉक्टर आणि मानसोपचार दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416, फोन फुकट आहे.

उपचार मुख्यतः बोलण्याचा, आणि मुलांच्या बाबतीत आईबाबांना त्यात घेतात. गोळ्या लागतील का ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. घरी खाणं वेळेवर हवं, तीन जेवणं आणि मधे दोनदा काहीतरी, कारण डबा तसाच परत आणून क्लासनंतर पोर भुकेने तुटून पडते आणि तिथूनच सगळं सुरू होतं. नवरात्राचे उपवास तिला अजिबात नकोत, देवी रागावणार नाही. जेवणानंतर तासभर तिच्याजवळ बसा, पत्ते खेळा, टीव्ही बघा, काहीही. उलटी झालीच तर लगेच ब्रश नाही, नुसती चूळ, नाहीतर ॲसिडने मऊ झालेलं दातांवरचं आवरण घासलं जातं. आणि 'जाड झालीस गं' म्हणणाऱ्या आत्या-मावश्यांना सरळ गप्प करा.

तिला एकटीला गाठून एवढंच म्हणा, 'मला कळलंय, मी रागावले नाहीये, आपण डॉक्टरांकडे जाऊ.' ती नाही म्हणेल, रडेल, तरी अपॉइंटमेंट घ्याच. पहिल्या भेटीला तिच्या बाबांनाही सुट्टी काढायला लावा, हे नाटक नाही हे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला हवं.