महाराष्ट्राची वीजनिर्मिती क्षमता: मेगावॉटचा आकडा कसा वाचावा?

महाराष्ट्राची वीजनिर्मिती क्षमता कोणत्या स्रोतातून किती आहे, आणि रत्नागिरी जिल्ह्यात एवढे मोठे प्रकल्प असताना पावसाळ्यात गावात दोन-दोन दिवस वीज का नसते, असे आपण विचारले आहे. मी चिपळूणचा रहिवासी असल्यामुळे हा विषय मला जवळचा आहे.

राज्यात सर्वांत मोठा वाटा कोळशाचा आहे आणि तो मुख्यतः विदर्भात आहे: चंद्रपूरचे केंद्र २९२० मेगावॉटचे, तर तिरोड्याचे ३३०० मेगावॉटचे. कोकणातील चित्र मात्र निराळे आहे. तारापूरला अणुऊर्जा १४०० मेगावॉट आहे, जिच्यात गुजरातसारख्या शेजारी राज्यांचाही वाटा असतो; उरणला वायूवर चालणारे ६७२ मेगावॉटचे केंद्र आहे; जयगडला आयात कोळशावर १२०० मेगावॉट आहेत; आणि सह्याद्रीच्या पायथ्याला खोपोली, भिवपुरी व भिरा ही टाटांची जलविद्युत केंद्रे आहेत, त्यांपैकी खोपोलीचे १९१५ सालापासून चालू आहे.

परंतु स्थापित क्षमता, म्हणजे सारी यंत्रे पूर्ण भाराने चालली तर मिळू शकणारी वीज, ही प्रत्यक्षात मिळणारी वीज नव्हे. हे समजून घ्यायला आमच्या वाशिष्ठीइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही. या नदीच्या वरच्या अंगाला पोफळी आणि अलोरे येथे कोयनेची वीजगृहे आहेत. धरणाच्या पायथ्याचे छोटे वीजगृह धरून कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॉट होते. तीच नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे अंजनवेलला, ज्याला सारे जण दाभोळ प्रकल्प म्हणतात, त्या वायूवरील केंद्राची क्षमता सुमारे १९६७ मेगावॉट आहे. कागदावर दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच आहेत.

कोयनेचे संच वर्षभर अहोरात्र चालवता येत नाहीत, कारण कृष्णेचे (कोयना तिचीच उपनदी) पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा पाणीतंटा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली आहे. त्यामुळे १९६० मेगावॉट वर्षभर पूर्ण भाराने चालल्यास जेवढी वीज झाली असती, तिच्या साधारण पाचव्या हिश्शाच्या आसपासच वीज होते. पण म्हणून हा प्रकल्प कमी मोलाचा ठरत नाही, उलट तो राज्याच्या अत्यंत उपयोगाचा आहे. कोळशाचे केंद्र थंड पडले की पुन्हा सुरू करायला कित्येक तास जातात, तर जलविद्युत संच काही मिनिटांत भार उचलतो. म्हणून संध्याकाळी मागणी चढली की कोयनेचे पाणी सोडले जाते. चिपळूणकरांना हे नदीकडे पाहूनच कळते, कारण संच चालले की अवजल, म्हणजे वीजगृहातून बाहेर सोडलेले पाणी, येऊन ऐन उन्हाळ्यातही वाशिष्ठी वाहती असते.

दाभोळची अडचण इंधनाची आहे. २००१ मध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या काळात प्रकल्प बंद पडला, २००५ मध्ये नव्या कंपनीकडे गेला. पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूचा पुरवठा आटला आणि आयात वायूची वीज महाग पडू लागली. २०१५ च्या अखेरीपासून काही वर्षे रेल्वेसाठी सुमारे ५०० मेगावॉट वीज तिथून जात होती, म्हणजे क्षमतेचा जेमतेम चौथा हिस्सा. यंत्रे धडधाकट असूनही केवळ इंधनापायी एवढी क्षमता पडून राहावी, याचे मला मनापासून वाईट वाटते. सौरऊर्जेच्या आकड्यालाही हाच न्याय लावावा: एक मेगावॉटचे सौर पटल रात्री काहीच देत नाही आणि कोकणच्या आषाढात दिवसाही थोडेच देते.

आता आपल्या गावाविषयी. या केंद्रांची वीज जिल्ह्यासाठी राखून ठेवलेली नसते. जयगडची वीज ४०० केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) वाहिन्यांवरून घाट चढून कराड आणि न्यू कोयनेकडे जाते व राज्याच्या जाळ्यात मिसळते. गावापर्यंत येते ती उपकेंद्रातून निघणारी ११ केव्हीची वाहिनी, जी आंबा-फणसाच्या बागांतून आणि दऱ्याखोऱ्यांतून मैलोन् मैल उघडी धावते. एक फांदी पडली तरी ती बंद होते, आणि भर पावसात दोष शोधायला कर्मचाऱ्यांना खांबाखांबाने चालत जावे लागते. आमच्याकडेही गेल्या पावसाळ्यात सलग दीड दिवस असेच झाले. त्यामुळे गावच्या सभेत मेगावॉटविषयी विचारण्यापेक्षा, आपल्या उपकेंद्राला दुसऱ्या बाजूने पुरवठा आहे का, वाहिनीलगतच्या फांद्या मे महिन्यात तोडल्या का, आणि सर्वाधिक झाडीच्या टप्प्यात भूमिगत केबल किंवा आच्छादित तार टाकण्याचा प्रस्ताव आहे का, एवढे तीन प्रश्न लेखी विचारावेत.