सेप्टिकपुढे विक्रेत्याने ‘माहीत नाही’ लिहिलंय, ऑप्शनचे चार दिवस उरलेत

प्रश्न: टेक्ससमध्ये, ह्यूस्टनच्या बाहेर आम्ही चार बेडरूमचं घर घेतोय. तिथे सांडपाण्याची सार्वजनिक लाइन नाही, एरोबिक सेप्टिक सिस्टिम आहे, म्हणजे टाकीत हवा सोडून सांडपाणी शुद्ध करणारी. करारात सात दिवसांचा ऑप्शन पिरियड (फी देऊन करार रद्द करायची मुभा मिळते ती मुदत) होता, त्यातले चार उरलेत. डिस्क्लोजर नोटिशीत (घराच्या स्थितीबद्दल विक्रेत्याने भरून द्यायच्या फॉर्मवर) सेप्टिकच्या बहुतेक प्रश्नांपुढे विक्रेत्याने ‘माहीत नाही’ लिहिलंय. देखभालीचा करार गेल्या वर्षी संपला, असं त्याचा एजंट तोंडी सांगतो. आमच्या होम इन्स्पेक्टरने सेप्टिक पाहिलीच नाही. अलार्मच्या पेटीवरचा लाल बल्ब कुणीतरी काढून ठेवलाय. विक्रेता म्हणतो, ‘हवं तर टाक्या उपसून देतो.’ हो म्हणावं का? पुढे बिघाड निघाला तर दावा करता येईल का?

उत्तर: टाक्या उपसून घ्यायला आत्ता होकार देऊ नका. रिकाम्या टाकीत तपासण्यासारखं काही उरत नाही. गाळ किती साचला होता, पाणी आउटलेटच्या पातळीला टिकतं की टाकी झिरपते, हवेच्या टाकीतले जिवाणू जिवंत होते का, हे सगळं उपसणाऱ्याच्या ट्रकमधून निघून जातं. तपासणी आधी, उपसणं नंतर, आणि तेही गरज निघाली तर.

दाव्याचं म्हणाल तर करता येतो, पण त्यावर विसंबून सही करावी इतका तो सोपा नाही. टेक्सस प्रॉपर्टी कोडच्या कलम ५.००८ नुसार विक्रेत्याला त्याच्या माहितीप्रमाणे नोटीस भरून द्यावी लागते. स्वतः तपासणी करून घेण्याचं बंधन त्याच्यावर नाही, आणि खरोखर ठाऊक नसेल तर ‘माहीत नाही’ हे कायदेशीर उत्तर आहे. शिवाय तुमच्या करारात, टीआरईसीच्या (टेक्ससच्या रिअल इस्टेट आयोगाच्या) छापील फॉर्मच्या परिच्छेद ७ मध्ये, घर ‘अ‍ॅज इज’ म्हणजे आहे त्या स्थितीत घेतल्याची खूण बहुधा आहेच. टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या प्रुडेन्शियल विरुद्ध जेफरसन असोसिएट्स या निकालात अशी अट मान्य केली आहे. ती तुटते दोन ठिकाणी: विक्रेत्याने फसवून करार करवला असेल, किंवा तपासणीत अडथळा आणला असेल.

म्हणून प्रश्न उरतो तो त्याला ठाऊक होतं का, हा. आणि याचं उत्तर बऱ्याचदा त्याच्या घरात नसतं, काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) फाइलमध्ये असतं. एरोबिक सिस्टिम देखभालीच्या करारावर असते तेव्हा परवानाधारक कंपनीने दर चार महिन्यांनी तपासणी करून चाचणीचा अहवाल १४ दिवसांत परवाना देणाऱ्या कार्यालयाला पाठवायचा असतो, आणि त्याची प्रत घरमालकाला द्यायची असते. विक्रेत्याच्या नावावर ‘कॉम्प्रेसर बंद’, ‘क्लोरीन शून्य’ असे तीन अहवाल लागोपाठ गेले असतील, तर ‘माहीत नाही’ हे दोन शब्द त्याला फार महागात पडू शकतात. फसवणुकीच्या दाव्याला चार वर्षांची मुदत आहे. २०,००० डॉलरपर्यंतचा दावा जस्टिस कोर्टात (लहान रकमांच्या दाव्यांच्या स्थानिक कोर्टात) चालतो. अर्थात पूर्ण सिस्टिम बदलायची वेळ आली तर खर्च तेवढ्याच्या आसपास सहज जातो.

आज पहिलं काम हेच करा. परवान्याचं कार्यालय साधारणपणे काउंटीचं असतं, काही भागांत शहराचं किंवा नदी प्राधिकरणाचं. पत्ता देऊन ईमेलने मागा: मंजूर आराखडा, अंतिम मंजुरी, देखभालीचे अहवाल, तक्रारी आणि नोटिसा. माहिती अधिकाराच्या टेक्ससच्या कायद्यानुसार त्यांना दहा कामकाजाचे दिवस मिळतात, तुमच्याकडे तेवढे नाहीत. त्यामुळे ईमेल पाठवून फोनही करा. अनेक कार्यालयं सेप्टिकची फाइल त्याच दिवशी पाठवतात.

आराखड्यात बेडरूमची संख्या आधी बघा. पाणी वाचवणारे नळ आणि फ्लश असलेलं तीन बेडरूमचं, २,५०१ चौरस फुटांपेक्षा लहान घर असेल तर नियमात दिवसाला २४० गॅलन सांडपाणी धरतात. चार बेडरूमचं, ३,५०१ पेक्षा लहान असेल तर ३००. परवाना तीन बेडरूमचा आणि जाहिरात चारची, असं निघालं तर तुम्ही कमी क्षमतेची सिस्टिम विकत घेताय. दुसरं, शुद्ध झालेलं पाणी अंगणात फवारणाऱ्या स्प्रिंकलरच्या क्षेत्रावर नंतर कुणी स्विमिंग पूल, शेड किंवा काँक्रीट टाकलंय का ते आराखडा हातात घेऊन जागेवर मोजा. फवाऱ्याच्या वर्तुळाची कड हद्दीपासून २० फूट लांब हवी. मध्यरात्र ते पहाटे ५ एवढ्याच वेळात चालणारा टायमर असेल तर १० फूट चालतात. खाजगी विहिरीपासून १०० फूट.

टायटल कमिटमेंटही (मालमत्तेवर नोंदलेले दस्त दाखवणारा टायटल कंपनीचा कागद) उघडा. अशा सिस्टिमसाठी काउंटीच्या दस्तांत एक प्रतिज्ञापत्र नोंदवलेलं असतं: पहिली दोन वर्षं सलग देखभालीचा करार राहील, त्यानंतर मालक ३० दिवसांत नवा करार करील किंवा स्वतः देखभाल करील. स्वतः करण्याची मुभा काही काउंट्या देत नाहीत. करार एक वर्ष संपलेला असेल तर नियमभंगाची नोटीस येऊन पडली आहे का, हे कार्यालयाला थेट विचारा. एजंटच्या तोंडी माहितीला इथे काही किंमत नाही.

आता तपासणी. तुमच्या होम इन्स्पेक्टरचं फारसं चुकलेलं नाही. राज्याच्या मानकांत सेप्टिक ही ऐच्छिक बाब आहे, वेगळी ठरवली तरच बघतात. टीसीईक्यूचा (टेक्ससच्या पर्यावरण आयोगाचा) परवाना असलेला देखभालदार बोलवा, मात्र विक्रेत्याची जुनी कंपनी नको, तिला आपलंच काम झाकायचा मोह होतो. झाकणं त्यालाच उघडू द्या. आतला वायू जीवघेणा असतो. अहवालात पुढच्या गोष्टी नावानिशी मागा.

कचऱ्याच्या पहिल्या टाकीत गाळ आणि तरंगणारा थर किती. हवेच्या टाकीतलं पाणी तपकिरी आहे की काळं-करडं आणि सडक्या अंड्याच्या वासाचं. काळं म्हणजे हवा पोचत नाही, बहुधा कॉम्प्रेसरचा पडदा फाटलाय किंवा हवेची नळी तुटलीय. त्याच पाण्याचा एक लिटरचा नमुना अर्धा तास स्थिर ठेवायचा: तळाला बसलेला गाळ साठ टक्क्यांच्या वर असेल तर उपसायची वेळ झालेली आहे. पाणी निर्जंतुक करणाऱ्या क्लोरिनेटरच्या नळीत गोळ्या एकमेकींना चिकटून मधेच अडकल्यात का ते काठीने हलवून पाहतात. पंपाच्या टाकीतल्या पाण्यात क्लोरीन किमान ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर यायला हवं. तिथे सापडलेल्या गोळ्या सांडपाण्यासाठीच्या कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या आहेत की स्विमिंग पूलच्या, तेही लिहून घ्या. दोन्ही प्रकार एकाच नळीत पडले तर स्फोट होऊ शकतो.

बल्बचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. पंपाच्या टाकीतला फ्लोट (पाणी चढलं की वर येणारा तरंगता खटका) हाताने वर उचलला की लाल दिवा लागून भोंगा वाजायला हवा. बल्ब आपोआप निघत नाही. वारंवार लागणाऱ्या दिव्याचा कंटाळा आलेला माणूसच तो काढतो, आणि तो माणूस ‘माहीत नाही’ म्हणत असेल तर हा तुमचा पुरावा आहे. पेटी उघडी असताना तारखेसह फोटो काढा, बल्बची रिकामी जागा आणि भोंग्याचं बटण दोन्ही दिसतील असे. फोटो होईपर्यंत नवा बल्ब लावू नका.

शेवटी पंप हाताने चालू करून सगळे स्प्रिंकलर वर येतात का आणि जमिनीवर पाणी साचतं का ते पाहायचं. घर काही महिने रिकामं असेल तर मात्र स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यावर खूश होऊ नका; भार नसलेली सिस्टिम काही दिवस छानच दिसते.

हे चार दिवसांत बसत नसेल तर ऑप्शन वाढवून घ्या. ते अमेंडमेंटवर, म्हणजे करारातल्या लेखी बदलावर, दोघांच्या सहीनेच होतं, आणि त्यासाठी जादा ऑप्शन फी मागितली तर द्या. मुदत शेवटच्या दिवशी मालमत्तेच्या ठिकाणच्या वेळेनुसार संध्याकाळी ५ वाजता संपते, रविवार असला तरी. एक मिनिट उशीर झाला तर अर्नेस्ट मनी (इसाऱ्याची रक्कम) धोक्यात.

दोष निघाले तर ‘सेप्टिक चालू करून देणे’ असं मोघम लिहून घेऊ नका. तसल्या वाक्यातून काहीच सिद्ध होत नाही. असं मागा: परवानाधारकाकडून कॉम्प्रेसर बदलणे, अलार्म आणि फ्लोट चालू करणे, बंद स्प्रिंकलर बदलणे, मग क्लोरीनचा आकडा असलेला चाचणी अहवाल आणि पैसे भरल्याची बिलं क्लोजिंगच्या (व्यवहार पूर्ण होऊन घर नावावर होण्याच्या) तीन दिवस आधी देणे. दुरुस्तीऐवजी पैशांची सूट घेणार असाल तर तुमच्या कर्ज देणाऱ्याची परवानगी आधी काढा, नाहीतर क्लोजिंगच्या टेबलावर ती अडते.

एक सावधगिरी. अहवालात दोष लिहून आला आणि तरीही तुम्ही काही न मागता क्लोजिंग केलंत, तर ‘विक्रेत्याच्या शब्दावर विसंबलो’ हे कोर्टात सांगणं अवघड होतं. जे कळलं ते मागायचं, किंवा सोडून द्यायचं. सोडायचं ठरलं तर करार रद्द केल्याची लेखी नोटीस करारात दिलेल्या पत्त्यावर किंवा ईमेलवर ५ च्या आत पाठवा. एजंटला फोन केला म्हणजे नोटीस दिली असं होत नाही. ऑप्शन फी जाईल, अर्नेस्ट मनी परत येईल.

घर घेतलंत तर देखभालीचा नवा करार क्लोजिंगच्या दिवसापासून लागू होईल असा आधीच ठरवून ठेवा आणि त्याची प्रत परवान्याच्या कार्यालयात तुमच्या नावाने जमा करा. विक्रेत्याच्या काळातला नियमभंग तिथे नोंदलेला असेल, तर तो त्याच्या खर्चाने क्लोजिंगआधी निकाली काढण्याची अट वरच्याच अमेंडमेंटमध्ये घाला.