विश्वासांगीकारातली अडलेली ओळ

सप्रेम सलाम,

दारू सुटून चार महिने झाले, अल्कोहोलिक्स अनॉनिमस (एए) या दारू सोडणाऱ्यांच्या गटाची मीटिंगही चुकत नाही, पण रविवारी चर्चमध्ये विश्वासांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची ठरलेली कबुली, म्हणताना ‘देहाचे पुनरुत्थान’पाशी जीभ अडते, असं तू लिहिलंस. मनात नसताना म्हणणं तुला ढोंग वाटतं.

डेन्व्हरच्या ल्यूथरन पाळक नादिया बोल्झ-वेबर यांचं याला उत्तर आहे. त्या म्हणतात, प्रत्येक ओळीवर विश्वास असलेला माणूस नसतोच. पण भरल्या मंडळीत, म्हणजे चर्चला जमलेल्या लोकांत, प्रत्येक ओळीवर विश्वास असलेलं कुणी ना कुणी असतं. तेव्हा अडलेल्या ओळीला गप्प राहा, शेजारच्याचा आवाज ऐक आणि पुढची ओळ जमली तर म्हण.

ही पळवाट नव्हे. ज्याच्या नावाने हा ल्यूथरन पंथ आहे त्या मार्टिन ल्यूथरने 1529 च्या लघु प्रश्नोत्तरावलीत स्वच्छ लिहिलंय की मी आपल्या बुद्धीने किंवा बळाने ख्रिस्तावर विश्वास ठेवू शकत नाही. एएच्या बारा पायऱ्यांतली पहिलीही ‘दारूपुढे आपलं काही चालत नाही’ हीच. नादियाबाईंची दारू विशीच्या सुरुवातीलाच सुटली होती. ल्यूथरन शिकवण नंतर भेटली, आणि जगून कळलेलंच तिथे शब्दांत सापडलं.

त्यांचे टॅटू आणि शिवराळ बोलणं यांतच लोक अडकतात. तू त्यांच्या कामाकडे बघ. 2004 मध्ये एका विनोदी कलाकाराने जीव दिला, तेव्हा त्याचा अंत्यविधी त्यांनी चर्चमध्ये नाही, डेन्व्हरच्या कॉमेडी क्लबमध्ये चालवला. समोर व्यसनातून उठलेले, मनाने थकलेले, देवावर रुसलेले लोक होते. आपली मंडळी हीच, हे त्यांना तिथे उमगलं. 2008 मध्ये पाळकपदाची दीक्षा झाली आणि ‘हाउस फॉर ऑल सिनर्स अँड सेंट्स’ हे त्यांचं चर्च उभं राहिलं. खुर्च्या गोलात, वेदी मधोमध, गाणं बहुतेक वाद्यांविना. प्रार्थना किंवा वाचन कोण करणार? दारातून पुस्तिका उचलेल तो. नवख्यांना त्या आधीच सांगत, ही मंडळी किंवा मी तुम्हाला कधीतरी दुखावणार. तरी थांबायचं का, ते आत्ताच ठरवा. तूही आपल्या मंडळीबद्दल हे आत्ताच ठरव, कारण दुखावल्यावर डोकं थाऱ्यावर नसतं.

आता एएची चौथी पायरी, म्हणजे स्वतःची लेखी झडती. दोनशे पानी वही घे, चार रकाने आख: राग कुणावर, कशामुळे, माझं काय दुखावलं, त्यात माझा वाटा काय. पहिले तीन रकाने भराभर भरतात आणि चौथा कोरा राहतो. मग वही म्हणजे इतरांवरचं आरोपपत्र होते. म्हणून पहिले तीन रकाने वरपासून खालपर्यंत संपव, एक दिवस जाऊ दे, आणि चौथा स्पॉन्सरशी, म्हणजे एएमधल्या तुझ्या जुन्या वाटाड्याशी, बोलून भर. रात्री एकट्याने लिहू नकोस. भूक, राग, एकटेपणा, थकवा यांतलं काहीही असेल तर वही मिट. लिहून झाल्यावर पाचवी पायरी, म्हणजे ते कुणाला तरी वाचून दाखवणं, महिनोन्‌महिने लांबवू नकोस. लिहिलेलं नुसतं उशाशी राहिलं की मन कुरतडतं, आणि तिथूनच पुन्हा बाटली जवळची वाटते. ऐकणारा घरातला नको. स्पॉन्सर चालेल, पाळक चालतील. खाजगी पापांगीकार ल्यूथरने मोडीत काढला नव्हता, हे तुझ्या पाळकांना माहीत असेल.

एक गोष्ट जिवाची आहे. स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायलास, आणि पिणं पुन्हा रोजचं झालं, तर घरच्या घरी एकाएकी बंद करू नकोस. शेवटच्या पेगनंतर काही तासांपासून साधारण चार दिवसांपर्यंत झटके येणं, भास होणं असं जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून याच कामात आहे. जायला लाजू नकोस. त्या आठवड्यात उपासना चुकली तर चुकू दे, मंडळी तुझ्या वाटची ओळ म्हणेल.

चौथा रकाना भरला की वाचून दाखवायची तारीख ठरव आणि मला कळव.