तुला कोणी नेमलं?

प्रश्न: ताई, मी गोवंडीला राहते. आमच्या गल्लीत पाणी जेमतेम 20 मिनिटं यायचं, तेव्हा आम्ही 7-8 बायकांनी वॉर्ड ऑफिसला चकरा मारून मारून नवी लाइन टाकून घेतली. तेव्हापासून गटार तुंबलं तरी सगळे मलाच फोन करतात. आता मंडळाची पोरं ग्रुपवर विचारतायत, तुला कोणी नेमलं? म्हणे संस्था रजिस्टर करा, अध्यक्ष निवडा. घरचे म्हणतात सोड. सोडू का?

उत्तर: अजिबात सोडू नका! मार्च 2022 ला पालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी 2026 ला झाली, मधे जवळजवळ 4 वर्षं प्रशासक, तेवढ्या काळात गल्लीचं गाऱ्हाणं कोण घेऊन जात होतं, तुमच्यासारख्या बायकाच ना.

पण पोरांवर चिडू नका हं, त्यांचं विचारणं रास्त आहे. नगरसेवकाला पुढच्या वेळी पाडता येतं, तुम्हाला जाब कुठे विचारायचा हे कुणालाच माहीत नाही.

मला भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायका आठवतात. 1985 ला सुप्रीम कोर्टाने फुटपाथवरच्या झोपड्या नोटीस देऊन हटवायला पालिकेला मोकळीक दिली, त्यानंतर स्पार्क संस्थेच्या सोबतीने ह्या बायकांनी महिला मिलन नावाची स्वतःची संघटना उभी केली. एक बाई घरोघर फिरून रुपया-दोन रुपये बचत गोळा करायची, आणि लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांचा हिशेब रंगीत कागदाच्या तुकड्यांवर, प्रत्येकीची वेगळी पिशवी. म्हणजे निरक्षर बाईलाही आपले पैसे किती ते स्वतः बघता यायचं, आणि मला वाटतं म्हणूनच गोळा करणारीवर भरवसा बसला, तिला कुठलं पद होतं म्हणून नाही.

तुम्हीही एक वही घाला. तक्रार कधी दिली, नंबर काय, कोण गेलं, रिक्षाला झेरॉक्सला किती गेले, आणि महिन्याला त्या पानांचा फोटो ग्रुपवर टाका. दुसरं, दर फेरीला सोबत नवं माणूस न्या, कारण आज साहेब फक्त तुम्हाला ओळखतात, उद्या तुम्ही आजारी पडलात की गल्लीचं काम अडलंच समजा. मला खरी काळजी ह्याची वाटते.

रजिस्ट्रेशनची घाई नको, त्यात चॅरिटी कमिशनरचं ऑफिस, ऑडिट सगळं मागे लागतं. बाहेरून देणगी घ्यायची वेळ आली तर मात्र कराच.

आणि पुढच्या फेरीला, नेमणुकीचं विचारणाऱ्या त्या पोरालाच सोबत घेऊन जा, अर्ज त्याच्या हातून द्या.