चावीवाल्याला बोलावू नका

प्रश्न : कोथरूडमधला आमचा फ्लॅट आईच्या नावावर आहे. बाबा गेल्यावर आई नाशिकला भावाकडे राहते. मला सोबत होईल म्हणून दोन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीला बाबांच्या खोलीत ठेवलं. महिना सहा हजार, सगळं तोंडी. गेले सात महिने तिने एक पैसा दिलेला नाही. बाबांचं कपाट न विचारता गॅलरीत काढलं, पावसाने त्याचा प्लाय फुगला. जा म्हटलं तर म्हणते, 'बाहेर काढून दाखव.' सोमवारी ती ऑफिसला गेली की कुलूप बदलून तिच्या बॅगा वॉचमनकडे ठेवणार आहे. चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. चावीवाल्याला सांगून ठेवलं असेल तर आजच नको म्हणून कळवा.

कपाटाचं वाचून मलाही वाईट वाटलं. पण राहत्या माणसाला असं परस्पर बाहेर काढलं, तर सहा महिन्यांच्या आत तो ताबा परत मिळावा म्हणून दावा लावू शकतो, आणि त्यात घर कुणाच्या मालकीचं हे बघितलं जात नाही. तो टिकेल की नाही हा पुढचा वाद. तारखांना हेलपाटे तुमचेच. माझ्या एका पक्षकाराने रागाच्या भरात समोरच्याची गादी जिन्यात नेऊन ठेवली होती. पैसे थकवणारा वादी झाला, आणि हा बिचारा प्रतिवादी. तिचं वीज-पाणीही तोडू नका.

तुमची दुखरी बाजू आहे ती 'सगळं तोंडी' ही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. तो नसेल तर राहणारा सांगेल त्या अटी खऱ्या धरतात, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत.

ते सिद्ध करण्यासारखं तुमच्याकडे बरंच आहे. स्वयंपाकघर एक, मुख्य दार एक, तुम्ही स्वतः त्याच घरात राहता. म्हणजे घर तिच्या ताब्यात दिलेलं नाही, नुसती राहायची परवानगी दिली आहे. बँकेतल्या नोंदी, 'पुढच्या महिन्यात देते' असे तिचे मेसेज, सगळं जपून ठेवा. एकही डिलीट करू नका.

आता नोटीस. ती तुमच्या नावाने नको, आईंच्या नावाने हवी. घर त्यांचं आहे. त्यांना नाशिकहून येणं जमत नसेल तर त्यांच्याकडून तुमच्या नावे मुखत्यारपत्र करून घ्या. नोटिशीत परवानगी रद्द केल्याचं, थकलेल्या 42,000 रुपयांचं आणि खोली सोडण्याच्या तारखेचं स्पष्ट लिहा. सामान हलवायला महिनाभर द्या. पोस्टाची पोचपावती सांभाळा. नोटिशीनंतर तिने पैसे पाठवले, तर ते थकबाकीपोटी घेतले, नवी परवानगी दिलेली नाही, असं त्याच दिवशी लिहून कळवा. ही गोष्ट लोक हमखास विसरतात.

तरीही हलली नाही तर लघुवाद न्यायालयात दावा. त्याला वेळ लागतो, खोटा धीर देत नाही. म्हणून आधी शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. दावा लावण्याआधी दोघींना बोलावून समेट घडवायची सोयही आहे. तिथे दोन-तीन महिन्यांचे पैसे सोडून ठरल्या तारखेला चावी हातात येणार असेल, तर माझं स्पष्ट मत आहे : सोडा. फक्त ते लेखी घ्या.

पोलीस चौकीत बहुधा 'दिवाणी बाब आहे' म्हणतील. पण तिने धमकावलं किंवा अंगावर हात टाकला, तर थेट 112 ला फोन करा.

कपाटाचे फोटो तारखेसह काढा, भरपाई मागताना लागतील. आणि आणखी भिजण्याआधी ते हॉलमध्ये घ्या.